ब्रॅकनथॉर्पचा तरंगता खटला

ब्रॅकनथॉर्प, यॉर्कशायर
३ मार्च

चि. नेव्हिलास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद आणि सोबत थोडा राग. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू ‘हं, हं’ म्हणताना घड्याळ बघतोस ते मला इथून दिसतं.

माझ्या ओवेनचा खटला काल पुन्हा पुढे गेला. ही चौथी वेळ. या खेपेला आम्ही ‘तरंगते’ होतो. म्हणजे आमच्या खटल्याला स्वतःची खोली नव्हती. सकाळी नटूनथटून हजर व्हायचं, बाहेरच्या बाकावर बसायचं आणि दुसऱ्या कुणाचा खटला बारगळला की त्याच्या खोलीत शिरायचं. काल कुणाचाच बारगळला नाही. चार नंबरची खोली रिकामी होती, पण तिचं छत गळतं, म्हणून ती बंद. आत बादल्या मांडून ठेवल्यात. बघ, बादल्यांनासुद्धा खोली मिळाली.

दुपारी कोर्टाचे व्यवस्थापक ट्रस्कॉट आले आणि आता नोव्हेंबरमध्ये बघू म्हणाले. जसं काही आम्ही केस कापायला आलो होतो आणि न्हावी सुट्टीवर होता.

तुझ्या भाच्यानं घरी येऊन टाय काढून ठेवला. हल्ली तो ताट अर्धं टाकून उठतो. रुग्णवाहिकेवरचा इतका चांगला पोरगा तीन वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात खोकी चिकटवतोय. का, तर एका आजारी बाईला स्ट्रेचरवर घेताना तिचा दारू प्यालेला दीर आडवा आला, त्यानं ओवेनवर हात उगारला, स्वतःच बर्फाळ पायरीवरून घसरला, दंडाचं हाड मोडून घेतलं आणि ओवेननं ढकललं म्हणून सांगत सुटला. स्ट्रेचरचं पुढचं टोक धरलेला ओवेनचा जोडीदार पाठमोरा होता. खरं काय झालं ते पाहिलं एकट्या पिकर्सगिलआजींनी, समोरच्या खिडकीतून.

आजी एकोणनव्वद वर्षांच्या आहेत, नेव्हिल. माझी खरी काळजी तीच. वकिलानं बजावलंय की त्यांच्याशी त्या सकाळबद्दल चकार शब्द काढायचा नाही, म्हणून आम्ही त्यांच्या बागेतल्या रुबार्बबद्दल बोलतो. पण काल बाकावर त्यांनी मला दोनदा डोरीन म्हणून हाक मारली. डोरीन त्यांची बहीण. ती जाऊन वीस वर्षं झाली. नोव्हेंबरपर्यंत त्यांना ती पायरी आठवेल का, सांग. आणि नाही आठवली तर ओवेनच्या बाजूनं बोलायला कोण उरतं?

तू संसदेच्या न्याय समितीत सचिव आहेस. खटले का रखडतात, याचीच चौकशी तुमच्याकडे चाललीय असं पेपरात वाचलं. मग सांग ना त्यांना. एक वाक्य पुरे.

राग गेला की कळवीन. तोवर लोभ तहकूब करू नकोस.

तुझी
ग्लेनिसताई


लंडन
१० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं आणि ऑफिसात न ठेवता घरी आणलं, यावरून माझी अवस्था ओळख.

ताई, ते एक वाक्य मला बोलता येत नाही. कोर्टात चालू असलेल्या खटल्याबद्दल संसदेत अवाक्षर काढायचं नाही, असा आमचा नियम आहे आणि तो समितीलाही लागू आहे. तू काय म्हणशील ते मला आत्ताच ऐकू येतंय. ज्यांचा खटला रखडलाय त्यांनी रखडण्याबद्दल बोलायचं नाही आणि ज्यांचा संपला त्यांचं रखडणंच संपलं, मग तुमची समिती ऐकते तरी कुणाचं? भाच्याचा खटला तुमच्या कोर्टात आहे, हे मी अध्यक्षबाईंना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तेव्हापासून ब्रॅकनथॉर्पचं नाव निघालं की मी उठून बाहेर जातो.

बाकीचं मात्र ऐकतो. परवा न्यायखात्याचे अधिकारी साक्षीला आले होते. व्यवस्थेवर ताण आहे, साधनांची जुळवाजुळव सुरू आहे, असं म्हणाले. एका सदस्यानं विचारलं की देशात किती कोर्टांची छतं गळतात. ते म्हणाले, लेखी कळवू. कधी, तर योग्य वेळी. आमच्याकडे ‘योग्य वेळी’चा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो: विचारणारा निवृत्त झाल्यावर. मला उभं राहून ओरडावंसं वाटलं. मी उठलो आणि पाण्याचा जग भरून आणला.

तुझ्या भावजयीनं, फिलिपानं, ओवेनसाठी मुरंबा पाठवलाय. त्याला सांग, मामा भित्रा आहे पण विसराळू नाही.

तुझा राग मंजूर आहे. लोभावर त्याचा बोजा पडू देऊ नये, ही विनंती.

तुझा
नेव्हिल


ब्रॅकनथॉर्प
२८ मार्च

चि. नेव्हिलास अनेक आशीर्वाद. या वेळी राग वगळून.

बस आधी. बसलास? ओवेन सुटला. निर्दोष. आता सविस्तर ऐक.

गेल्या सोमवारी वकिलाचा फोन आला की उद्या सकाळी या. मला वाटलं, माणसाचा नंबर चुकला. मंगळवारी गेलो तर कोर्टाच्या फाटकाला नवा रंग. लिफ्टवरची ‘बंद आहे’ ही पाटी काढलेली. लिफ्ट अजून बंदच, पण आता तिच्यापुढे एक माणूस उभा केला होता आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला जिना कसा तब्येतीला चांगला ते सांगत होता. चार नंबरची खोली उघडी! छताला नवी पांढरी फळी ठोकलेली आणि सगळ्या बादल्या बायकांच्या स्वच्छतागृहात. तुमची समिती पाहणीला येणार होती, आणि तू मला त्याचा वाससुद्धा येऊ दिला नाहीस!

खोली सजली, पण रिकामी खोली दाखवायची कशी? पाहुण्यांना चालू खटला हवा. मग ट्रस्कॉट शोधायला लागले, एका दिवसात हजर होईल असं गावात कोण आहे? आम्ही! आमची नटायची सवय तीन वर्षांची. आजी दोन गल्ल्या पलीकडे राहतात. आमचे वकीलसाहेब मोकळे होते, कारण त्यांचा दुसरा खटला दुसऱ्या गावात पुढे ढकलला होता. निवृत्त झालेल्या एक न्यायाधीशबाई बागकाम सोडून आल्या. बारा ज्यूरींची शपथ झाली. तुमचे खासदार मागच्या बाकावर अर्धा तास बसले, माना डोलावल्या आणि जेवायला गेले.

ते गेल्यावर ट्रस्कॉट न्यायाधीशबाईंच्या कानाशी लागले. पावसाचा अंदाज आहे, तेव्हा खोली आता बंद करावी म्हणाले. बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की ज्यूरींची शपथ झालीय, आता हा खटला निकाल लागल्यावरच थांबेल, मग मला छत्री घेऊन बसावं लागलं तरी चालेल. गुरुवारी खरंच पाऊस आला. थेंब नेमका सरकारी वकिलाच्या शेजारी पडायला लागला. तो बिचारा युक्तिवाद करता करता डावीकडे सरकत गेला आणि शेवटी जवळजवळ आमच्या बाजूलाच येऊन उभा राहिला.

आजी साक्षीला उभ्या राहिल्या तेव्हा मी छताच्या फळीकडे बघत बसले. सकाळीच त्यांनी मला विचारलं होतं की आपण कुणाच्या लग्नाला चाललोय. पण पिंजऱ्यात पाऊल टाकलं आणि बाई जणू साठीच्या झाल्या. दिरानं हात उगारला, मुलगा मागे झाला, दीर घसरला, मुलाचे दोन्ही हात स्ट्रेचरवर होते. सगळं लख्ख सांगितलं. सरकारी वकिलानं गोड आवाजात विचारलं, तीन वर्षांनंतर तुमच्या आठवणीवर विश्वास कसा ठेवायचा. आजी म्हणाल्या, मला सगळं आठवतंय रे पोरा, तारीख विसरत होतात ते तुम्ही लोक. न्यायाधीशबाईंनी हसू लपवायला कागदात तोंड घातलं.

ज्यूरी तासाभरात परतले. निर्दोष म्हटल्यावरही ओवेन उभाच. मग शिपायाला त्यानं विचारलं की आता मी जाऊ का, कारण ते कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. बाहेर येऊन कोर्टाच्या पायरीवर बसला आणि माझ्या डब्यातले सगळे सँडविच खाल्ले. माझ्या वाटणीचेही. मी बघत बसले. तीन वर्षांत इतकं पोट माझं कधी भरलं नव्हतं.

खरं सांग, हे तू केलंस का? केलं असशील तर तुला बदडेन, आणि मग मिठी मारेन.

लोभ वाढवायला आता हरकत नाही, सवड आहे.

तुझी
ताई


लंडन
१९ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी काही केलं नाही. फिलिपाच्या गळ्याची शपथ. पाहणीच्या दिवशी मला मुद्दाम टपालखात्याच्या दुसऱ्या एका चौकशीच्या कागदांवर बसवलं होतं. हे सगळं ट्रस्कॉटसाहेबांच्या रंगाच्या डब्यानं केलं. तुझं पत्र नदीकाठच्या बाकावर वाचलं आणि एका पर्यटक बाईनं मला न विचारता रुमाल दिला.

आता वाईट बातमी. समितीच्या टिपणात ब्रॅकनथॉर्पचा गौरव झालाय. खटला वेळेवर सुरू झालेला पाहिला, खोल्या सुस्थितीत, इतरांनी धडा घ्यावा. मी ते वाचलं आणि पुन्हा पाण्याचा जग शोधला.

एक नियम मात्र तुला सांगून ठेवतो. संपलेल्या खटल्याबद्दल कुणीही नागरिक समितीला लेखी कळवू शकतो, मुदत महिनाअखेरपर्यंत. मी काही सुचवत नाहीये. मी फक्त नियम सांगतोय. नियम सांगण्याचाच मला पगार मिळतो.

ओवेनला पोटाशी धर. लोभाची पोच द्यावी.

तुझा
नेव्हिल


ब्रॅकनथॉर्प
२१ मे

चि. नेव्हिलास अनेक आशीर्वाद.

समितीला लिहिलं. तीन पानं, बादल्यांसकट. उत्तर आलं की निवेदन स्वीकारलं असून गौरवाचा परिच्छेद गाळण्यात येत आहे. ट्रस्कॉट आता मला रस्त्यात पाहिलं की पलीकडच्या फुटपाथवर जातात. चार नंबर पुन्हा बंद आहे. आमच्या मागच्या गल्लीतलं एक कुटुंब सोमवारी तिथल्या बाकावर तरंगत होतं. मी चहाचा थर्मास घेऊन गेले. बाकी काय करणार?

ओवेन पुन्हा रुग्णवाहिकेवर रुजू झाला. पहिल्या दिवशी गणवेश घालून स्वयंपाकघरात उभा राहिला. घट्ट झालाय तो. बिस्किटांचा कारखाना, दुसरं काय.

आणि आजी. नेव्हिल, आपण अगदी थोडक्यात वाचलो. महिन्याभरातच त्यांचं सगळं पुसट झालं. डॉक्टर म्हणाले, असं होतं. मंगळवारी मी चहाला जाते, तर त्या कोट घालून दारात तयार असतात आणि विचारतात की पोराच्या खटल्याची तारीख कधी आहे, आपल्याला उशीर तर नाही ना झाला. आधी माझे डोळे भरायचे. आता मी त्यांना खुर्चीत बसवते, कोट काढते आणि सांगते की आजी, झाला खटला, तुम्ही साक्ष दिलीत, ओवेन सुटला. त्या टाळ्या वाजवतात, मला डोरीन म्हणून घट्ट धरतात आणि केक कापायला सांगतात.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. बाकीच्या गावाचं तुमच्या समितीनं बघावं. आमच्याकडे पोरगा दर आठवड्याला नव्यानं सुटतो.

लोभ आहेच, पण मंगळवारी येऊन पाहावा.

तुझी
ग्लेनिसताई