पत्र्यावरची बुर्गल

न्यूरेंबर्ग, ३ फेब्रुवारी १८२४
हे काय करून बसलो मी! आमच्या छापखान्यात नव्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरलं जातंय — मरण एका पोरीला नाचायला नेतंय. चित्रकारसाहेब म्हणाले, "फाइट, चेहरा सुचत नाही. गावाकडं तुझी कोण आहे ना, ती कशी दिसते?" मी सुटलोच — बुर्गलचं रुंद कपाळ, डाव्या गालावरचा तीळ, पीठ मळताना बट मनगटानं मागं सारायची ती! तीन वर्षांत तिच्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. मी बोलत गेलो, ते सुईनं ओरखडत गेले.

५ फेब्रुवारी
पहिला छाप मीच काढला. ओला कागद उचलला — बुर्गल! तिच्या हाताभोवती हाडांचा पंजा. कापणीच्या जत्रेत तिनं मला असंच ओढून नाचवलं होतं. "बैलासारखा पाय नको आपटूस!" असं म्हणाली होती.

६ फेब्रुवारी
छापात तीळ उजव्या गालावर आहे! म्हणजे ही ती नव्हेच, मरण तिला नेत नाहीये. छापयंत्रावरच्या म्हाताऱ्या किलिआनकाकांना सांगितलं, तर यंत्राचा दांडा सोडून हसायला लागले. "गाढवा, इतकी वर्षं छापतोस! पत्र्यावरचं उलटंच उमटणार. आरशात ती स्वतःला अशीच दिसत असेल." मग हळूच — "घरी पत्र टाक."
टाकलं. एवढंच लिहिलं, बुर्गल बरी आहे ना?

१७ फेब्रुवारी
उत्तर नाही.

१९ फेब्रुवारी
डोळे मिटले की आता तीही काळ्या रेघांचीच दिसते. तिचं पीठ लागलेलं कपाळ आठवायला जातो, शाई दिसते. मालकांना म्हटलं, चेहरा बदलू या. "वेडा का तू? गिऱ्हाईक तिच्याकडं बघून रडतंय!"

२१ फेब्रुवारी
रेघा दाबून बुजवायची लोखंडी घोटणी घेतली आणि पत्र्यावरचा चेहरा घासून टाकला. तांबं गुळगुळीत. मालक ओरडले, "चालता हो!" निघालोच. किलिआनकाकांनी पाव बांधून दिला. "आधी तिला डोळ्यांनी बघ," म्हणाले.

२४ फेब्रुवारी
बांबर्गच्या अलीकडं आमच्या गावचा गाडीवान योब्स्ट भेटला. बुर्गल — एवढंच म्हणालो.
"ठणठणीत आहे की! कापणीनंतर गिरणीवाल्याशी लग्न झालं तिचं. तुला कुणी कळवलं नाही?"
मी त्याला मिठीच मारली. जिवंत आहे! तो बिचारा सारखा विचारतोय, "अरे, नीट ऐकलंस ना मी काय म्हणालो ते?"