'विचार करावा'

प्रिय सिग्ने मावशी,

समितीने आपला अभ्यास निवडला! आधी खुर्चीत बस, मग पुढचं वाच. उभ्याने वाचलंस तर गुडघा कुरकुरेल.

आपल्यासारख्या गावांच्या अॅम्ब्युलन्सला पैसे देणारं विधेयक पडलं आणि त्याच्या जागी 'अभ्यास' आला, तेव्हा गावात तुम्ही केक कापलात. फोनवर तू ओरडलीस, "ऑरिन, सरकार अभ्यास करणार!" मी नुसतं हं म्हणालो. इथे राजधानीत, बिस्मार्कला, सभागृहाच्या दारावर रखवालीला उभा राहून मी ते कलम वाचलं होतं. त्यात 'अभ्यास करावा' नव्हतं, 'अभ्यास करण्याचा विचार करावा' होतं. शाळा अर्धवट सुटली, पण शब्द मी सुटा सुटा वाचतो, तुला ठाऊक आहे. असे विचार करायचे विषय ढीगभर असतात. अधिवेशन संपलं की आमदारांची एक समिती त्यातले थोडे उचलते, बाकीचे तिथेच संपतात. आणि तू तर सांगून बसलेलीस, अभ्यास झाला नाही तर गाडी बंद, किल्ली खिळ्याला. माझी झोप उडाली.

अधिवेशनाबरोबर माझी नोकरीही संपली, पण मी इथली भाड्याची खोली सोडली नाही. काल समिती बसली तेव्हा मागच्या बाकावर होतो. आपला विषय आला तसे अध्यक्ष म्हणाले, "आणखी एक? अहो, कपाटं भरलीत अहवालांनी!" सगळे हसले. आपल्या आमदार त्वेइतबाई हसल्या नाहीत. "आमच्याकडची सगळ्यात तरुण ड्रायव्हर बासष्टची आहे, गुडघ्याला पट्टा बांधून चालवते," त्या म्हणाल्या. कुणीतरी विचारलं, "आणि ती थांबली तर?" "तर आमच्या रस्त्यावरून जाताना जपून जा." मग हात वर झाले. मी टोपी इतकी पिळली होती की आता ती डोक्यावर बसत नाही. बाहेर येऊन दोन वाट्या सूप प्यायलो, कितीतरी दिवसांनी चव लागली.

पण मावशी, अभ्यास म्हणजे गाडी नव्हे. बैठका, अहवाल, मग पुढच्या अधिवेशनात नवं विधेयक. तोवर कुणीतरी गाडी चालवायला हवी, आणि तुझं गुडघ्याचं ऑपरेशन आणखी लांबवता येणार नाही. फोनवर तू मला बोलूच दिलं नसतंस, म्हणून लिहितोय. संध्याकाळी मी कुठे जातो, असं विचारायचीस ना? अॅम्ब्युलन्सच्या वर्गाला जात होतो. पास झालो. रविवारी घरी येतोय. किल्ली खिळ्याला टांगायचीच असेल, तर माझ्या खोलीतल्या खिळ्याला टांग.

तुझाच,
ऑरिन