सगळ्यात आळशी कोण

३ नोव्हें., सोम.
भरे फाट्यावर गाडी उशिरा. पिरंगुटला इंग्रजीच्या क्लासात पोचेपर्यंत मॅडमचा फळा भरलेला. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. गृहपाठ: दहा विशेषणं, दहा वाक्यं, घरच्या माणसांवर. पुढच्या सोमवारी मुळशीच्या रिसॉर्टमध्ये मुलाखत. रिसेप्शनला उभं राहायचं तर इंग्रजी हवंच. माझ्या लेकीला, परीला, थोरल्या जाऊबाई सांभाळतात, म्हणून हे सगळं जमतंय.

४, मंगळ.
नऊ वाक्यं झाली. सासूबाई स्ट्राँगेस्ट, धाकटी जाऊ मोस्ट ब्युटिफुल, हे माझ्यापेक्षा टॉलर. शेवटी 'लेझी' उरलं आणि थोरल्या उरल्या. जोडून टाकलं. जेवायला वाढायचं होतं, घाई.

५, बुध.
घात झाला. वही थोरल्यांच्या पिंकीच्या हाती लागली. ती इंग्रजी शाळेत. सासूबाई म्हणाल्या, "वाच की, काय लिवलंय आमच्यावर." जेवताना सगळ्यांसमोर वाचलं, मराठी करून. हसणं चाललेलं. मधेच पिंकी थांबली. "फुडं?" सासूबाई. "आई घरात सगळ्यात आळशी."
थोरल्यांनी ताटातलं संपवलं, सगळ्यांची ताटं उचलली आणि घासायला बसल्या. भांडी आज माझ्याकडे होती.

६, गुरु.
क्लास बुडवला. परीला ठेवा म्हणायला तोंड नाही. पहाटे पाचला गोठ्यात कोण असतं? त्याच ना. दुपारी गुडघा धरून जरा टेकतात, तेवढंच दिसलं मला. की मनात होतंच आणि गृहपाठाचं नुसतं निमित्त?

७, शुक्र.
धाकटी म्हणते, "जाऊ द्या वो ताई, अभ्यासच हाय त्यो." ती सुंदर ठरली, तिचं काय जातंय. यांचं एकच, "माफी माग, मोकळी हो." मोकळं व्हायला काय, यांना सगळं सोपं.
दोनदा चुलीपाशी थोरल्यांकडे गेले. पाणी पिऊन परत आले.

९, रवि.
भात झोडताना खळ्यावर दोघीच. धीर करून म्हटलं, चुकलं माझं. पेंढी हातातच ठेवून म्हणाल्या, "आळशी म्हनलीस त्येचं काय न्हाई. सासू रोज म्हनती. पन तू समद्यांना शेजारी बसवून मला मोजलीस. मी तुला कदी कुनाशी मोजली न्हाई."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेंढ्या पुढे देत राहिले.

संध्याकाळ. उद्या दहाला मुलाखत. साडीला इस्त्री केली. परीला सांभाळाल का, हे अजून विचारलेलं नाही. आत्ता पोर त्यांच्याच मांडीवर झोपलीय. उचलायला जावं तर उद्याचं विचारावं लागेल.