तारा फुगायची वेळ

२ मार्च
उपग्रहावरच्या क्ष-किरण दुर्बिणीचे अकरा तास मंजूर. तीन वर्षं माझे अर्ज फेटाळणाऱ्या समितीला अखेर सद्बुद्धी झाली. माझा तारा साडेपाच दिवसांत एकदा फुगतो आणि आकसतो. पुरता फुगला की त्याच्या वरच्या वातावरणात क्ष-किरण उसळतात, असा माझा सिद्धान्त. विभागात कोणालाच पटत नाही. विभागप्रमुख म्हणाले, ही शेवटची संधी, यानंतर हा विषय बंद. बघाच म्हणावं.
संकल्प: रोज पहाटे उठून शोधनिबंधाची प्रस्तावना.

३ मार्च, सकाळी १०
उठायला उशीर. प्रस्तावना डोक्यात तयार आहे.

९ मार्च
तारा नेमका कधी फुगणार ते आज दुर्बिणीवाल्यांना कळवलं; माझे अकरा तास निम्मे त्याआधी, निम्मे त्यानंतर. माझ्याच एकवीस वर्षांपूर्वीच्या वहीवरून मोजलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, सर, माझ्याकडे ताज्या नोंदी आहेत, एकदा ताडून बघा, असे तारे वयाबरोबर रेंगाळतात. म्हटलं, बाई, तो तारा आहे, माझा मेव्हणा नव्हे. हसल्या नाहीत. विनोदाचं अंग नाही.

१५ मार्च
मेव्हण्याकडे जेवायला तासभर उशिरा पोचलो. वाटेत बायको म्हणाली, ताऱ्याची वेळ मिनिटावर सांगता, स्वतःची तासावरही येत नाही. दोन्ही शास्त्रं भिन्न. तिला कोण समजावणार?

२६ मार्च
निरीक्षण यथासांग पार पडलं. प्रस्तावना उद्यापासून नक्की.

२९ मार्च
डेटा आला. आलेख सपाट, इस्त्री फिरवल्यासारखा. दुर्बीण बिघडली असणार. तशी मेल केली. उत्तर: दुर्बीण ठणठणीत आहे. भाषा उद्धट.

२ एप्रिल
सुचलं. तारा गप्प आहे, हाच शोध! विभागप्रमुख म्हणाले, अहो, काहीच न दिसणं आम्हाला तुमच्याशिवायही जमतं.

७ एप्रिल
बाईंनी न विचारता ताडून पाहिलं. ताऱ्याची फेरी माझ्या वहीतल्यापेक्षा सरासरी अठरा सेकंदांनी लांबली आहे. एकवीस वर्षांच्या चौदाशे फेऱ्या. म्हणजे सात तास. बाईंनी बोट ठेवलं तिथे, अगदी शेवटच्या दहा मिनिटांत, आलेख जरासा उचललेला. मग आपली वेळ संपली, दुर्बीण वळली, आणि तारा फुगला. सिद्धान्त बहुधा खरा. विषय बंद.
घरी सांगितलं. बायको चहा पुढे ठेवत म्हणाली, जन्मात एकदा लवकर पोचलात, तेही तिथे.