पूर्वेकडची खाच

४ ऑक्टोबर १९२७
आमची ही श्रावणात गेली. लोकांना वाटतं मी खचलो. छे! पेन्शनर माणसाला रिसर्चसाठी एवढा निवांतपणा पुन्हा मिळायचा नाही. गावाबाहेर जुन्या वेढ्यातल्या फौजेच्या छावणीचा मातीचा बांध आहे. आठ दिवसांत मोजून रिपोर्ट नागपूरला धाडायचा. घरची आठवण काढायची नाही.

५ ऑक्टोबर, सकाळी ६
टेप घेऊन निघालो. अर्ध्या वाटेत ध्यानात आलं, शिदोरी नाही. ती आता बांधणार कोण? उपाशी परतलो. मोजणी उद्यापासून.

९ ऑक्टोबर
सापडलं! बांधाला पूर्वेकडे खाच. पाच फूट रुंद, कमरेइतकी खोल. नक्कीच तोफेचा मोर्चा. तीस वर्षं हेडमास्तरकी उगाच नाही केली. ही नेहमी म्हणायची, मलाही दाखवा छावणी. मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. तशी तिला इतिहासात गती नव्हती.

१२ ऑक्टोबर
रिपोर्ट नऊ पानं. त्यातली सात खाचेवर.

१४ ऑक्टोबर
शेजारच्या वावराचा उकंडराव भेटला. त्याला तोफ समजावली.  म्हणाला, तोफ कायची मास्तर, हे त मास्तरीणबाईनं खंदलं. दरसाली दिवाळीआंधी टोपलं घेऊन येत, भिताडं पोतारायले. अशी पांढरी माती दुसरीकडं भेटत नाही. टोपलं भरलं का बांधावर बसून राह्यत. म्या इचारलं, मास्तरसंगं काऊन येत नाही? त म्हने, त्याईले फुरसत नाही. आन् सांगू नका, बांध मोडला म्हनून रागवतीन.
ऐकीव माहिती पुरावा होत नाही, असं त्याला ठणकावलं.

२० ऑक्टोबर
दिवाळीसाठी बहीण आली, गोजरबाई. भिंतींचे पोपडे निघाले, पोतारून घेऊ म्हणाली. मी ओरडलो, हात लावू नको, ऐतिहासिक आहे! ती घाबरली. चुलीमागच्या भिंतीवर पांढऱ्या मातीत उमटलेल्या हिच्या बोटांच्या ओळी आहेत. टेप लावला. चार बोटं मिळून अडीच इंच. सत्तावीस वर्षांच्या संसारात हे माहीत नव्हतं. गोजरबाईसमोरच रडलो.

२३ ऑक्टोबर, रविवार
रिपोर्ट धाडला नाही. आज टेप न घेता गेलो. ही बसायची तिथे, खाचेच्या कडेला बसलो.
तिथून छावणी दिसतच नाही, ती पाठीमागे राहते. आमचं घर दिसतं.