डाव्या बाजूने बोललेलं

नमिता,

हे पत्र तुझ्या हातात द्यायची माझी हिंमत होणार नाही, तरी लिहितो.

क्लीनर होतो तेव्हापासून माझे कान तिखट. ट्रेलरचं मागचं बेअरिंग जरा कुरकुरलं तरी गाणी चालू असताना मला कळतं. त्याच कानांच्या जोरावर स्वतःची गाडी घेतली.

काल उरणला हळदीला निघण्याआधी तू ओट्यापाशी होतीस. मी तुझ्या डाव्या बाजूला येऊन म्हणालो, "रागावू नकोस, पुढच्या खेपेला चार दिवस राहीन." तू वळलीही नाहीस. तू गेल्यावर मी पूर्वीला म्हणालो, "तुझ्या आईचा रुसवा काही जात नाही."

ती म्हणाली, "पप्पा, त्या बाजूने काय बोलता? आईला त्या कानाने ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"आई म्हणते, दोन दिवस येतात, त्यात दवाखाना कशाला."

दर खेपेला तू गप्प राहायचीस आणि तू रागावली आहेस असं समजून मी एक दिवस आधीच माल घेऊन लुधियानाला निघायचो.

उद्याच्या खेपेवर दुसरा ड्रायव्हर पाठवतोय. शनिवारी कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय, मी सोबत येतोय. हे कधीपासून, असं त्यांनी विचारलं तर तूच सांग. तेव्हा माझ्याकडे बघू नकोस.

करंजाड्यात, घरीच आहे,
शैलेश