टीव्ही कडा खातो

३ सप्टेंबर

आईचा हट्ट म्हणजे हट्ट! मांडीचं हाड कधीच जुळलंय, तरी पलंगावरून पाय खाली ठेवत नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आज स्पष्टच म्हणाल्या — आता उठल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील. आई मात्र भिंतीकडे तोंड करून — "उठू कुणासाठी?"

मग स्वतःच म्हणाली, बाबांच्या निवृत्तीच्या निरोप समारंभाची फिल्म दाखव. तिच्या खोलीतल्या टीव्हीवर, मोठी. बाबा गेल्यापासून तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

४ सप्टेंबर

कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, टीव्ही आत. कॉम्प्युटरच्या चित्र पाठवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला टीव्हीसाठी गोल भोक आहे, म्हणून लांबलचक केबल आणली आणि दाराखालून ओढली. चित्र आलं — पण काळंपांढरं, थरथरणारं! त्यात बाबा सवयीप्रमाणे घोळक्याच्या अगदी कडेला उभे, म्हणजे टीव्हीवर अर्धेच.

"अर्ध्या नवऱ्याचं काय करू?" — आई. हसूही आलं, रडूही.

५ सप्टेंबर

दुकानदाराला फोन केला. "ताई, टीव्ही कडा खातोच. कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र लहान करा, कडा आत येतील. आणि टीव्हीचा प्रकार चुकीचा निवडलाय तुम्ही, म्हणून रंग नाहीत." प्रकार बदलला — रंग आले! थरथर कमी करायचीही सोय सापडली. उगाच नाही घरचे मला चिवट म्हणत.

६ सप्टेंबर

आज कडा. इकडे माझ्या हातात माउस, आतून आईचं ओरडणं. लहानपणी दादा गच्चीवर अँटेना फिरवायचा आणि आम्ही खालून बोंबलायचो, तस्संच!

"दिसतंय का गं?"

"खांदा आला!"

"आता?"

"हात आला!"

"आता?"

"पाय आले. घरातल्या चपला घातल्यात त्यांनी."

माझा हात थांबला. फिल्ममध्ये बाबा गुडघ्यांपर्यंतच आहेत. माझ्यासमोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर तसेच दिसत होते. शिवाय समारंभाला ते बूट घालून गेले होते, मीच पुसून दिले होते.

धावत आत गेले. टीव्हीवर पाय होते. चपलाही.

७ सप्टेंबर

आई पलंगावर पाय खाली सोडून बसली, पोटभर जेवली. दादाला फोनवर सगळं सांगितलं. म्हणे, "आधी चष्मा बदल." शहाणा!

९ सप्टेंबर

आई उभी राहिली! वॉकर धरून चक्क चालली. बाईंनी टाळ्या वाजवल्या — "काय जादू केलीत?" मी काय सांगणार, कप्पाळ!

त्या गेल्यावर आई हळूच म्हणाली, "मी पाऊल टाकलं की हेही टाकतात." मी दारात उभी राहून पाहिलं. खरंय. बाकीचे लोक हारतुरे घेऊन नेहमीसारखे हसतायत, हलतायत. बाबा मात्र घोळक्यातून निघालेत. कॅमेऱ्याच्या दिशेने. आईकडेच बघतायत.

माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. त्याचंही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

१० सप्टेंबर

केबल काढून टाकली. भीती वाटते, बास. आईने दिवसभर पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. "तू त्यांना मध्येच अडकवून ठेवलंस" एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

११ सप्टेंबर

केबल परत लावली. काय करू? मला आई हवी आहे. चालती-बोलती.

चित्र आणखी लहान करायचा बाण शेवटपर्यंत नेला. आता पुढे जातच नाही. आतून आईचा आवाज आला — "बस्स! आता मावतात."

१२ सप्टेंबर

सकाळी भांड्यांच्या आवाजाने जाग आली. स्वयंपाकघरात आई! वॉकरशिवाय! गळ्यात पडून ढसाढसा रडले. मग टीव्ही बंद करायला तिच्या खोलीत गेले. फिल्म सुरूच होती. सगळे होते, बाबा नव्हते.

"तिथे काय करतेस?" आईने हाक मारली. "त्यांना टॉवेल दे आधी."

बाथरूमला आतून कडी होती. नळ चालू होता.